दाढ काढल्यानंतर

नारायणस्वामी राव यांनी चेन्नईत गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात एकतीस वर्षं तयार माल तपासला. पाण्याच्या पंपात बसणारे पितळी बुश तिथे बनत. एकेक बुश उचलायचा, मायक्रोमीटर लावायचा, माप बरोबर असेल तर डाव्या खोक्यात टाकायचा, नसेल तर उजव्या. केसाच्या जाडीएवढा फरकही ते सोडत नसत. त्यांच्या हातून पास झालेला माल गिऱ्हाइकाकडून परत आला असं सगळ्या नोकरीत दोनदा झालं, आणि त्या दोन्ही तारखा त्यांना निवृत्तीनंतरही पाठ होत्या.

वेलचेरीत आमच्या इमारतीत ते पहिल्या मजल्यावर राहतात आणि मी त्यांच्या डोक्यावर, दुसऱ्या. मी नाशिकची. सिरुसेरीच्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून इथे आले. आल्यानंतर आठवडाभरात जिन्यातून उतरताना मी आईशी फोनवर बोलत होते, तेव्हा खालच्या घराचं दार उघडलं आणि एक बाई म्हणाल्या, "तुम्ही मराठी बोलतां काय?" त्या कनकाअक्का. नारायणस्वामींच्या पत्नी.

त्यांचं मराठी तंजावरचं. घराण्याला तिकडे जाऊन तीनशे वर्षं झालेली. शब्द जुने, चाल तमिळ, आणि मध्येच एखादं अख्खं वाक्य तमिळ. पहिले काही दिवस मला दोनदा ऐकावं लागे. त्यांना माझं मराठी फार घाईचं वाटायचं. सैदापेटच्या प्राथमिक शाळेत त्यांनी सव्वीस वर्षं शिकवलं होतं, त्यामुळे बोलायची सवय आणि हौस दोन्ही होती. दर शुक्रवारी समोरच्या इमारतीत बायका स्तोत्र म्हणायला जमत, तिथे सुरुवात त्यांच्याच आवाजात होई. घरात मात्र दोघंच. मुलगी जननी कॅनडात. ती आईवडिलांशी तमिळ बोलते, नवऱ्याशी इंग्रजी. घरातलं मराठी या दोघांत उरलं होतं.

कनकाअक्कांना जुना आमवात होता. बोटं वाकडी झालेली, आणि त्यासाठी बारीक पांढऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या कित्येक वर्षं चालू. त्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ झाली. पाच वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात नुसतं खाली बसताना पाठीचा एक मणका चेपला. तेव्हापासून हाडांचे डॉक्टर त्यांना दर सहा महिन्यांनी दंडात एक इंजेक्शन देत. जानेवारी आणि जुलै. नारायणस्वामींनी ती तारीख एकदाही चुकवली नाही.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात कनकाअक्कांची खालची उजवी दाढ दुखायला लागली. दाढ हलत होती. त्यांना थोडं थांबायचं होतं, लवंग धरली की ठणका कमी होतो म्हणत होत्या. नारायणस्वामींना ते पटेना. हलणारी दाढ तोंडात ठेवून रोज त्रास काढायचा, याला काय अर्थ आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनीच जवळच्या एका दवाखान्यात वेळ घेतली आणि शेअर ऑटोने बायकोला घेऊन गेले.

तिथे आधी एक फॉर्म भरायचा होता. कनकाअक्कांना पेन धरायला त्रास होई, म्हणून तो नारायणस्वामींनी भरला. सध्या चालू असलेली औषधं, असा रकाना होता. त्यांनी रक्तदाबाची गोळी लिहिली, स्टेरॉइड लिहिलं, कॅल्शियम लिहिलं, तिन्हींचे मिलिग्रॅम लिहिले. डॉक्टरांनी फॉर्मवर नजर फिरवली, रक्तदाब मोजला आणि दाढ काढली. दहा मिनिटंही लागली नाहीत.

निघताना तिथल्या बाईंनी सूचनांचा छापील कागद दिला. नारायणस्वामींनी तो ऑटोत वाचला, घरी येऊन पुन्हा वाचला आणि फ्रिजवर चिकटवला. गॉझची घडी पाऊण तास दाबून धरायची, तर त्यांनी घड्याळ समोर ठेवलं. पहिला दिवस चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, नळीने काही ओढून प्यायचं नाही, कारण खड्ड्यात जी रक्ताची गुठळी धरते ती निघता कामा नये. गालाला बाहेरून बर्फ, दहा मिनिटं लावायचा, दहा मिनिटं काढायचा. गार दहीभात, तोही हाताने मऊ कालवलेला. झोपताना दोन उशा. दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि दिवसातून चार वेळा गुळण्या, त्याही जोरात खळखळ करून नव्हे, तर पाणी तोंडात घेऊन मान हळूच कलती करून. ते मीठ ते चमच्यावर सुरीने सपाट करून घेत. पाणी पुरेसं कोमट आहे का ते स्वतःच्या ओठाला लावून बघत.

मी तिसऱ्या दिवशी खाली गेले तेव्हा कनकाअक्का गालावर हात ठेवून हसल्या आणि म्हणाल्या की शाळेत मुलांची त्या जितकी तपासणी करत, त्याहून जास्त आता त्यांची होते आहे.

डिसेंबरात चेन्नईला जे होतं तेच झालं. दोन दिवस पाऊस कोसळला, गल्लीत मांडीएवढं पाणी आलं, वीज गेली, नळाला गढूळ पाणी. दवाखाना दहा दिवस बंद. त्याच दिवसांत कनकाअक्कांची वेदना वाढली. आतापर्यंत हिरडी मिटायला हवी होती, पण खड्डा उघडाच होता. नारायणस्वामींनी गॅसवर पाणी वीस मिनिटं उकळून, फडक्यातून गाळून वापरायला सुरुवात केली. माझ्याकडच्या बाटलीबंद पाण्याचे दोन कॅन त्यांनी मागून नेले. पाण्यातच दोष आहे अशी त्यांची खात्री झाली होती.

दवाखाना उघडल्यावर डॉक्टरांनी खड्डा साफ केला, औषधाची पट्टी भरली, अँटिबायोटिक दिलं. खड्डा कोरडा पडला आहे, होतं असं कधीकधी, म्हणाले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. नारायणस्वामींनी पाण्यानंतर मीठ बदललं. मग ब्रश बदलला, लहान मुलांचा मऊ आणला. मग त्यांना वाटलं, आपण मान चुकीच्या बाजूला कलती करायला लावतो आहोत. एक वही करून त्यात प्रत्येक गुळणीची वेळ लिहायला लागले. इतक्या वर्षांची सवय ती. माल बिघडला की यंत्र, हत्यार, माणूस, एकेक तपासत मागे जायचं.

जानेवारीत इंजेक्शनची तारीख आली. ठरल्या दिवशी ते कनकाअक्कांना घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेले आणि इंजेक्शन देऊन आणलं. गालाला सूज होती, पण तिचा आणि पाठीच्या हाडाचा काही संबंध असेल हे कुणाच्या मनात आलं नाही. डॉक्टरांनी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही.

फेब्रुवारीत दाढेच्या जागी जिभेला काहीतरी टोचायला लागलं. नारायणस्वामींनी टॉर्च धरून बघितलं, तर हिरडीत पिवळट, खडबडीत असं काहीतरी उघडं पडलेलं. दाढेचा तुकडा राहिला असं त्यांना वाटलं आणि बरंही वाटलं, कारण शेवटी कारण सापडलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, बराच वेळ बघितला आणि एका डेंटल कॉलेजच्या हॉस्पिटलात जबड्याच्या सर्जनकडे चिठ्ठी दिली.

त्या सर्जन डॉक्टर वाणी. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तोंड तपासलं, एक्स-रे बघितला आणि पहिला प्रश्न विचारला की हाडांसाठी कधी इंजेक्शन घेतलं आहे का. नारायणस्वामींनी लगेच हो म्हटलं, पाच वर्षांच्या सगळ्या तारखा सांगितल्या, अगदी शेवटची जानेवारीतलीसुद्धा. सांगता सांगता त्यांना डॉक्टरांचा चेहरा दिसला आणि ते थांबले.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. ते इंजेक्शन हाड झिजू देत नाही, पण त्याच कारणाने हाडाला स्वतःची दुरुस्तीही करू देत नाही. असं इंजेक्शन चालू असताना दाढ काढली तर फार थोड्या लोकांत, हजारांत एखाद्यात, जबड्याचं तिथलं हाड मरतं. स्टेरॉइड असेल तर धोका वाढतो. दिसत होतं ते दाढेचा तुकडा नव्हता, ते जबड्याचं मेलेलं हाड होतं.

ते बरं कधी होईल, असं नारायणस्वामींनी विचारलं.

"बरं होईल असं मी सांगू शकत नाही," डॉक्टर वाणी म्हणाल्या. "स्वच्छ ठेवायचं. वाढू द्यायचं नाही. तेवढंच हातात आहे."

शस्त्रक्रिया करून तेवढा भाग काढता येतो, पण कनकाअक्कांची प्रकृती आणि स्टेरॉइड बघता तीही जखम भरेल याची खात्री नाही, असंही त्या म्हणाल्या. औषधाच्या पाण्याची बाटली दिली, सुई नसलेली सिरिंज दिली, तिने खड्डा रोज चार वेळा कसा धुवायचा ते दाखवलं.

हे सगळं मला नारायणस्वामींनीच सांगितलं, एका रविवारी गच्चीवर, वाळलेले कपडे काढता काढता. फॉर्मचंही तेव्हाच सांगितलं. ते इंजेक्शन त्यांना आठवत नव्हतं असं नाही. लिहिताना मनात आलं होतं. पण रकान्यात सध्या चालू असलेली औषधं असं होतं, आणि इंजेक्शन जुलैत झालेलं, पुढचं जानेवारीत, म्हणजे नोव्हेंबरात चालू असं काहीच नव्हतं. त्यांनी शब्दाचा नेमका अर्थ धरला आणि ते गाळलं.

मी म्हटलं, डॉक्टरांनी विचारायला हवं होतं.

"त्यांनीं विचारलें होतें. कागदावर विचारलें होतें," ते म्हणाले.

कनकाअक्कांना हे सांगायला त्यांना दोन आठवडे लागले. एका सकाळी जबडा धुऊन झाल्यावर, बेसिनपाशीच उभं राहून त्यांनी सांगितलं. त्या टॉवेलने तोंड टिपत होत्या. टिपून झालं तेव्हा म्हणाल्या, "मीही बाजूलाच बसलें होतें कीं." एवढंच. त्याने नारायणस्वामींचं ओझं कमी झालं नाही. उलट, तिला रागवायलाही त्राण उरलं नाही असं त्यांना वाटलं.

उन्हाळ्यात वास सुरू झाला. किती धुतलं तरी तासाभराने तो परत येई. कनकाअक्का पदर तोंडावर धरून बसायला लागल्या. शुक्रवारी जाणं त्यांनी आपणहून बंद केलं. बायका बोलवायला आल्या तर आतूनच हात जोडत. खालचा ओठ उजवीकडे बधिर झाला, त्यामुळे पाणी ओघळायचं आणि शब्द फुटायचे. प, ब, म नीट येईनात. ज्या बाईने हजारो मुलांना अक्षरं घोटून घेतली, ती आता एक वाक्य दोनदा म्हणावं लागेल म्हणून म्हणायचंच टाळायला लागली. मला बघितलं की डोळ्यांनी बस म्हणायच्या, आणि आम्ही बसून राहायचो.

जुलैचं इंजेक्शन जवळ आलं तेव्हा दोन डॉक्टरांची दोन मतं पडली. हाडांचे डॉक्टर म्हणाले, हे अचानक थांबवलं तर मणके पटापट चेपतात, थांबवू नका. डॉक्टर वाणी म्हणाल्या, जबड्याला थोडी तरी संधी हवी असेल तर लांबवून बघता येईल, पण मणक्यांची जबाबदारी मी घेऊ शकत नाही. दोघं एकमेकांशी फोनवर बोलले आणि शेवटी निर्णय घरच्यांवर सोडला. नारायणस्वामींनी आठ दिवस विचार केला. कनकाअक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, तुम्हांला काय वाटतें तें करा. रोज चार वेळा ते तोंड ते स्वतःच्या डोळ्यांनी बघत होते. पाठ दिसत नव्हती. त्यांनी इंजेक्शन थांबवलं.

ऑक्टोबरमध्ये, आंघोळीहून परत येताना, कनकाअक्का दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या आणि खाली बसल्या. दोन मणके एकदम. त्यानंतर त्या पलंगावरून उठल्या नाहीत. जबड्याचं उघडं हाड कमी झालं नव्हतं, उलट किंचित वाढलेलंच होतं. हाडांच्या डॉक्टरांनी मग इंजेक्शन पुन्हा सुरू केलं.

पडून असलेल्या माणसाचं तोंड धुणं अवघड असतं. पाणी घशात गेलं तर ठसका लागतो, फुप्फुसात गेलं तर न्युमोनिया. डॉक्टर वाणींनी सांगितलं त्याप्रमाणे नारायणस्वामी त्यांना डाव्या कुशीवर वळवत, पाठीला लोड लावत, गालाखाली स्टीलचं पसरट भांडं धरत. एका हातात टॉर्च, एका हातात सिरिंज, आणि भांडं धरायला तिसरा हात नसे म्हणून ते गुडघ्याने टेकवत. सकाळी सात, दुपारी बारा, चार, संध्याकाळी सात. वही अजून चालू होती.

नोव्हेंबरात जननी तीन आठवडे आली. आईकडे बघून ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मग तिने घर आवरलं, मऊ जेवणाच्या कृती शोधल्या, आईला भरवलं, आणखी दोन सर्जनना रिपोर्ट पाठवले. दोघांनी डॉक्टर वाणींसारखंच लिहून पाठवलं.

कनकाअक्कांचं बोलणं तोवर जवळजवळ थांबलं होतं. जे सांगायचं ते त्या एका जुन्या डायरीत वाकड्या बोटांनी पेन्सिलने लिहीत. मराठी लिहायचं तर त्यांच्याकडे लिपी तमिळच होती, देवनागरी त्या कधी शिकल्या नव्हत्या. जननीसाठी तमिळ लिहायच्या, नवऱ्यासाठी मराठी. एका दुपारी नारायणस्वामी औषधं आणायला गेले होते. मी त्या दिवशी घरून काम करत होते, म्हणून खाली आले होते. कनकाअक्कांनी डायरी घेतली, दोन ओळी लिहिल्या आणि जननीच्या हातात दिली. जननीने वाचलं आणि तिला काही कळेना, कारण या वेळी अक्षरं तमिळ होती पण शब्द मराठी. मला ती अक्षरं येत नव्हती. मग ती एकेक अक्षर मोठ्याने वाचत गेली आणि मी ते जुळवत गेले. तमिळमध्ये त आणि द एकच, क आणि ग एकच, त्यामुळे वेळ लागला. कनकाअक्का आमच्याकडे बघत होत्या.

पुरे झालें. त्यांस सांगा, धुणें नको.

मी जननीला इंग्रजीत अर्थ सांगितला. ती आईचा पाय धरून पलंगाच्या कडेला बसली.

नारायणस्वामी परत आले तेव्हा जननी तशीच बसून होती. मीच सांगितलं. त्यांनी औषधांची पिशवी टेबलावर ठेवली, डायरी मागितली, स्वतः वाचली. मग म्हणाले, डॉक्टर सांगतात की धुणं थांबवलं तर पू वाढेल, सूज येईल, ताप येईल. ते आम्हाला सांगत होते की स्वतःला, कळलं नाही. चार वाजले. त्यांनी पाणी गरम केलं नाही. खुर्ची ओढून पलंगाशेजारी बसले आणि बायकोला विचारलं, "खरोखर नको काय?"

कनकाअक्कांनी डोळे मिटून घेतले. ते हो होतं की नाही होतं, हे नारायणस्वामींनी विचारलं नाही. त्या दुपारची जागा वहीत कोरी राहिली.

सहाच्या सुमाराला कनकाअक्का अस्वस्थ झाल्या. मान इकडेतिकडे करू लागल्या, जीभ सारखी त्या बाजूला जाऊ लागली, उशीवर पिवळट ओल आली. खोलीतला वास इतका झाला की जननीने खिडकी उघडली. सात वाजता नारायणस्वामी भांडं आणि सिरिंज घेऊन आले आणि पलंगाशी उभे राहिले. कनकाअक्कांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे तोंड केलं, म्हणजे डाव्या कुशीवर वळल्या, आणि तोंड उघडलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तोंड त्यांनी शेवटपर्यंत उघडं धरलं.

जननी पुढच्या आठवड्यात परत गेली. तिला विमानतळावर सोडायला मी गेले, कारण सातच्या धुण्याला वडील घरी हवे होते. ऑटोत तिने मला विचारलं की आईने पुन्हा काही लिहिलं तर तू काय करशील, तुला तर ते वाचता येत नाही. मी म्हटलं, अप्पा वाचतील. पण त्या दिवसानंतर कनकाअक्कांनी काही लिहिलेलं नाही. डायरी उशाशी असते आणि पेन्सिल तिच्यात.

मी आता संध्याकाळी कंपनीच्या बसने आले की आधी त्यांच्याकडे थांबते आणि भांडं धरते. नारायणस्वामींचे हात अजून स्थिर आहेत. टॉर्चच्या उजेडात ते हाड स्वच्छ दिसतं, आणि ते रोज मला सांगतात की कालच्यापेक्षा वाढलेलं नाही. मीही बघते. मला ते थोडं वाढलेलं वाटतं. मी भांडं धुवायला नेते.